शर्मिष्ठेतला मधला तारा

वासुदेवराव आठल्ये यांना ज्यांच्याबद्दल आदर वाटे अशी माणसं काशीत फार नव्हती. एक त्यांचे कॉलेजातले गुरू, ते वारले. दुसरे ते स्वतः. बाकी सगळा आनंदीआनंद. ब्रह्मा घाटावरचे वेदपाठी त्यांच्या लेखी घोकंपट्टीवाले, गणेशोत्सवासाठी धावपळ करणारं मराठी मंडळ म्हणजे मोदकवाले, आणि आपल्यामागून कॉलेजात लागलेली पदार्थविज्ञानाची नवी मास्तरमंडळी म्हणजे गाइड वाचून पास झालेली पोरं. स्वतः वासुदेवरावांनी चौतीस वर्षं एकाच पिवळ्या पडलेल्या वहीतून तीच टिपणं सांगितली होती, विनोदाच्या जागासुद्धा त्यात शाईने लिहून ठेवल्या होत्या. पण ती गोष्ट वेगळी, ती वही त्यांची होती. लग्न त्यांनी केलं नाही. आपल्या तोलाची कुणी भेटली नाही असं ते सांगत, आणि गल्लीतल्या बायका ते ऐकून देवाचे आभार मानत.

एवढ्या ह्या विद्वानाच्या नावावर छापलेली एक ओळ नव्हती. शोधनिबंध नाही, टिपण नाही, वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात कचऱ्याची तक्रारसुद्धा नाही. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "लिहायचं कुणासाठी? वाचणारा तर पाहिजे समोर." खरं कारण असं की आपलं लिहिलेलं कुणीतरी तपासणार, ह्या विचारानेच ते पेन खाली ठेवत. पोरांच्या वह्यांवर लाल शाईने काय काय लिहिलं होतं ते त्यांना चांगलं आठवत होतं. बहात्तरावं लागलं तेव्हा मात्र त्यांना दुसरी एक भीती वाटू लागली. आपण गेलो की दारावरची पाटी निघेल आणि मागे काहीच राहणार नाही, हे दुपारी जेवून आडवं झालं की हटकून मनात येई.

अशात माघ महिन्यात अनिमेषचा पुण्याहून फोन आला. अनिमेष मूळचा बालाजी घाटाजवळचा, वासुदेवरावांचा जुना विद्यार्थी. आता तो पुण्यात 'वर्णपट मंडळ' नावाची हौशी लोकांची संस्था चालवत होता. ताऱ्याचा उजेड अतिशय बारीक रेघा आखलेल्या पारदर्शक पट्टीतून नेला की तो रंगांच्या पट्ट्यात पसरतो. त्या पट्ट्यात जागोजागी काळ्या रेघा दिसतात, आणि कुठली रेघ कुठे आहे ह्यावरून तारा कशाचा बनला आहे ते कळतं. हे दाखवणारी यंत्रं लाखालाखांची. मंडळाला तसलं यंत्र मोबाइल फोनच्या किमतीत हवं होतं, तेही गावात मिळेल त्या सामानातून. दहा गावांत दहा जण असं यंत्र जोडलेली दुर्बीण बांधणार, सगळे तेच आठ तारे बघून नोंदी पाठवणार, ज्यांच्या नोंदी बरोबर येतील त्यांची रचना नावानिशी पुस्तकात छापणार आणि ते पुस्तक देशभरच्या शाळांत जाणार.

"सर, काशीचं काम तुम्हीच करा," अनिमेष म्हणाला.

"बघू," असं म्हणून वासुदेवरावांनी फोन ठेवला. बघायचं काहीच नव्हतं. छापील नाव त्यांच्या डोळ्यांपुढे आत्ताच उभं राहिलं होतं, अक्षरं जरा जाड.

अडचण एकच होती. वासुदेवरावांचं डोकं आणि वासुदेवरावांचे हात ह्यांची कधी फारशी ओळख झालेली नव्हती. घरातला बल्बही त्यांनी कधी बदलला नव्हता, बदलायची ती लतिका. लतिका त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ रेल्वेच्या इंजिन कारखान्यात होता, तो ऐन पस्तिशीत गेला, आणि अनुकंपेवर लतिका तिथे लागली. सुरुवातीला सामान उचलून देणारी मदतनीस, मग तपासणी विभागात. इंजिनाचा एकेक भाग केसाहून बारीक फरकापर्यंत मोजायचा आणि जे माप येईल तेच कागदावर लिहायचं, हे तिने पंचवीस वर्षं केलं आणि निवृत्त झाली. वासुदेवरावांच्या मते ती नवऱ्याच्या जिवावर नोकरीला लागलेली बाई होती. एका घरात राहत असल्यामुळे ते तिच्याशी बोलत, पण तिचं मत त्यांनी भाजीत मीठ किती ह्यापलीकडे कधी विचारलं नाही.

चैत्रात काम सुरू झालं, म्हणजे लतिकेचं. वासुदेवराव छतावर वेताच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. अशा दुर्बिणीचा सगळा जीव तिच्या आरशात. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, एक उभ्या पिंपावर बसवायची, मधे पाण्यात कालवलेली खरखरीत पूड घालायची आणि एक काच दुसरीवर घासत पिंपाभोवती गोल फिरत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. मग आणखी बारीक पूड, मग त्याहून बारीक. पूड बदलताना सगळं धुऊन काढायचं, कारण आधीच्या पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी महिन्याच्या कामावर ओरखडा उठतो. लतिका उन्हं चढायच्या आधी दोन तास आणि कलल्यावर दोन तास पिंपाभोवती फिरे. पदर खोचलेला, पायात कारखान्यातले जुने बूट. सोवळ्याचे तांदूळ निवडावेत तशी ती पूड बदलताना एकेक भांडं निरखून बघे.

"घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना निदान झापड असते," वासुदेवराव पेपरामागून म्हणाले. "तुझं आपलं उघड्या डोळ्यांनी."

"पाय जरा बाजूला घ्या भाऊजी, पानी सांडेल," लतिका म्हणाली आणि पुढचा फेरा सुरू केला.

आरशाची गोलाई ती दाढीच्या पात्याने आणि एका छोट्या दिव्याने तपासायची. ही युक्ती वासुदेवरावांच्या पिवळ्या वहीत आकृतीसकट होती. प्रत्यक्ष करून पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि पातं धरल्यावर सावली नेमकी कशी सरकते असं लतिकेने विचारलं तेव्हा त्यांनी "वाच ना, लिहिलंय तसं" एवढंच उत्तर दिलं. ती आठ दिवस पातं धरून बसली आणि आपलं आपण शिकली.

नळीसाठी मैदागिनच्या दुकानातून सांडपाण्याचा जाड पाइप आला. बैठक केली वेणीमाधव मिस्त्रीने. त्याच्या सात पिढ्या नावा बांधण्यात गेलेल्या. लतिकेने त्याला वर्तमानपत्रावर आकृती काढून दिली, त्याने ती डोक्याला लावली, नावेतून उरलेली सागवानी फळी कापली आणि चार दिवसांत बैठक छतावर आणून ठेवली. नळी एका बोटाने फिरे आणि जिथे सोडावी तिथे थांबे.

"ई नाव ना हौ गुरुजी, तनिको ना हिली," वेणीमाधव बैठकीवर थाप मारून म्हणाला. ही काही नाव नव्हे, जरासुद्धा हलायची नाही, असं त्याचं म्हणणं.

"ह्याला गुरुत्वमध्य म्हणजे काय ते विचार," वासुदेवराव लतिकेला मराठीत म्हणाले. वेणीमाधव हसला. पन्नास वर्षं मराठी घरांतून कामं केलेल्या माणसाला तेवढं मराठी समजत होतं, पण त्याने तसं दाखवलं नाही.

आरशावर पुण्याहून चकचकीत मुलामा चढवून आला. रेघांची पट्टी आणि संगणकाचा बोटाएवढा कॅमेरा लतिकेने शिसपेन्सिलीच्या डबीत बसवला. आश्विनात दुर्बीण उभी राहिली आणि वासुदेवरावांनी तिची हकीकत मंडळासाठी सांगायला घेतली. ते सांगत, लतिका लॅपटॉपवर टाइप करी. "मी चैत्रात आरसा घासावयास घेतला." तिने टाइप केलं. "मी बैठकीची रचना निश्चित केली." तेही केलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, पण नागोबा निदान बीळ आपणच खणलं असं कुणाला लिहायला लावत नाही. एका जागी मात्र ती थांबली.

"भाऊजी, शेवटची पूड किती नंबरची होती?"

वासुदेवरावांना सांगता येईना. "घाल काहीतरी," ते म्हणाले. तिने बरोबर नंबर घातला आणि पुढचं वाक्य विचारलं.

कार्तिक लागला. पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे चढले. पितरांना वाट दिसावी म्हणून ते महिनाभर रोज तिन्हीसांजेला लागतात. इकडे ब्रह्मा घाटावरच्या छतावर लतिका त्याच वेळी दुर्बीण लावू लागली आणि वासुदेवराव शाल आणि कानटोपी घालून खुर्चीत बसू लागले. अभिजित झाला, श्रवण झाला, हंसातला शेपटीचा तारा झाला. रंगांचे पट्टे लख्ख येत होते आणि काळ्या रेघा पुस्तकात सांगितलेल्या जागी होत्या. लतिका तारीख, वेळ आणि जे दिसलं ते शाळेच्या वहीत लिहून ठेवी. सात तारे असे पार पडले. आठवा होता शर्मिष्ठेतला, पाच ताऱ्यांच्या नागमोडी ओळीतला बरोबर मधला.

"भाऊजी, जरा इकडे या," लतिका म्हणाली. "ह्याच्यात काळी रेघ नाहीये. जिथे काळी पाहिजे तिथे उलट चमकतेय. लाल रंगात, एकदम तेज."

वासुदेवराव खुर्चीतून हसले. "चमकतेय? तारा आहे की भुईनळा? अगं, तो निळा, तापलेला तारा. असल्या ताऱ्यांत त्या जागी काळीच रेघ असते. पोरगंही सांगेल."

"असेल. पण दिसतेय चमकती."

"कारण कार्तिक आहे!" वासुदेवरावांना उत्तर सापडलं, आणि सापडलं म्हणून ते खुलले. "घाटावर शंभर आकाशदिवे टांगलेत तुझ्या त्या भाविकांनी. त्यांचा उजेड शिरला नळीत. पितरांना वाट दाखवायला निघालेत, आणि आमची वाट लावतायत."

लतिकेने लॅपटॉपवरून मान वर केली. मग हळू आवाजात म्हणाली, "पंचगंगा आपल्या पाठीकडे आहे, भाऊजी. नळीचं तोंड उत्तरेला आहे. आणि दिव्यांची रोशनी असती तर बाजूच्या ताऱ्यांतपण आली असती. मी दोन्हीकडचे लावून बघितले, त्यांच्यात नाही. परत मधला लावला तर परत आहे. तीन दफा केलं."

ह्याहून चांगली तपासणी वासुदेवरावांनी चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला शिकवली नव्हती. पण ती करणारी बाई कारखान्यातली होती, आणि तिच्या बोलण्यात दफा आणि रोशनी होती.

"नटबोल्ट मोजले म्हणून आकाश कळत नाही," ते म्हणाले. "पी हळद नि हो गोरी, असं नसतं शास्त्राचं."

"तुम्ही एकदा येऊन तर बघा."

लॅपटॉप खुर्चीपासून चार पावलांवर होता. वासुदेवराव उठले नाहीत. उठून बघितलं असतं तर तिचं म्हणणं बघण्याजोगं आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढ्यासाठी गुडघे दुखवायची त्यांची तयारी नव्हती. लतिकेने वहीत 'उजळ' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं आणि पुन्हा तेच लिहिलं, तिसऱ्या दिवशीही.

नोंदी पाठवायचा दिवस आला. चित्रं मंडळाने तीनच ताऱ्यांची मागितली होती, बाकीच्यांचं नुसतं तक्त्यात भरायचं होतं. आठवी जागा रिकामी सोडता आली असती. पण सातच तारे पाठवले तर आठवा जमला नाही असं दिसलं असतं, आणि नाव छापून यायची वेळ आलेली असताना वासुदेवरावांना तसलं काही दिसायला नको होतं. त्यांनी पिवळी वही काढली आणि सांगितलं, "लिही. शर्मिष्ठा, मधला. काळी रेघ, ठळक."

लतिकेने हात लॅपटॉपवरून काढून मांडीवर ठेवले. "हे मी नाही टाइप करत."

"का?"

"दिसलं नाही ते. 'मी घासला' लिहिलं तेव्हा मी गप बसले, ते माझं होतं, मी दिलं. हे माझं नाही. कारखान्यात असं माप लिहिलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

"मग बस घरी!" वासुदेवराव कडाडले, लॅपटॉप ओढून घेतला आणि एका बोटाने टाइप करायला बसले. तीन शब्दांना त्यांना दहा मिनिटं लागली. 'ठळक' हा शब्द वहीतही नव्हता, तो त्यांनी आपल्या पदरचा घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याला.

मार्गशीर्षात अनिमेष बहिणीच्या लग्नासाठी काशीला आला आणि एका संध्याकाळी बॅग खांद्याला लावून थेट छतावर पोचला. लतिका तेव्हा नळीवरची धूळ पुसत होती. अनिमेषने दुर्बिणीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बैठक एका बोटाने फिरवून बघितली, नळीत डोकावून आरसा बघितला आणि शीळ घातली.

"सर, हा आरसा कुणी घासला? इतका साफ आरसा आमच्या दहा गावांत नाही."

"घरीच घासला," वासुदेवराव म्हणाले.

अनिमेष पायरीवर बसला. काहीतरी बोलायचं आहे आणि जीभ उचलत नाही, असा चेहरा झाला होता त्याचा. "सर, तक्त्यातली एक नोंद आहे. शर्मिष्ठेतला मधला तारा. तुम्ही काळी रेघ लिहिलीत."

"ठळक," वासुदेवराव म्हणाले.

"त्या ताऱ्याभोवती तापलेल्या वायूचं कडं आहे, सर. त्यामुळे तिथे काळी रेघ दिसतच नाही, उजळ दिसते. दीडशे वर्षं लोक बघतायत. म्हणून तर आम्ही तो मुद्दाम यादीत घातला. ज्याने खरंच बघितलं त्याला उजळ दिसणार, ज्याने पुस्तकावरून भरलं तो काळी लिहिणार. दहांतल्या तिघांनी काळी लिहिली. दोघांची मला खात्रीच होती. तिसरं नाव तुमचं बघितलं तेव्हा मी तक्ता परत परत उघडून बघितला."

वासुदेवरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्या तपासणीला ते जन्मभर भ्याले ती आता झाली होती, आणि ती करणारा त्यांच्याच हाताखालून गेलेला मुलगा होता. त्यांना लाज वाटली. पण लाजेचं काय करायचं ह्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी सवयीचं तेच केलं.

"आरसा!" ते म्हणाले. "आरशात दोष असणार. शेवटी घरगुती काम. लतिकेने घासलाय तो, मी नाही. मी सांगत होतो तिला, पण हाताला शिक्षण नसलं की असंच होतं. पालथ्या घड्यावर पाणी."

इतके दिवस तो आरसा वासुदेवरावांनी घासला होता. आता पापणी लवायच्या आत तो लतिकेने घासलेला झाला. नाचता येईना आणि अंगण वाकडं, त्यातून अंगणही दुसऱ्याने सारवलेलं.

लतिकेने फडकं कठड्यावर ठेवलं, नळी उत्तरेकडे वळवली आणि लॅपटॉप सुरू केला. बाहेर दिवेलागण होऊन गेली होती, शर्मिष्ठा चांगली वर आली होती. दोन मिनिटांत रंगांचा पट्टा पडद्यावर उमटला, आणि लाल टोकाला एक बारीक, झगझगीत रेघ. अनिमेष चटकन पुढे वाकला. वासुदेवरावांनीही बघितलं. त्यांनी ती रेघ पहिल्यांदाच बघितली.

"काकू, ही तर स्वच्छ दिसतेय," अनिमेष म्हणाला.

"कार्तिकातपण दिसत होती," लतिका म्हणाली आणि वही उघडून त्याच्यापुढे धरली. तीन तारखा, तीन वेळा, बाजूच्या ताऱ्यांच्या नोंदी आणि तीनदा 'उजळ'. अनिमेषने पान वाचलं, वर वासुदेवरावांकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घेतली. त्या नजर खाली घेण्याने वासुदेवरावांना जेवढं लागलं तेवढं बोलण्याने लागलं नसतं.

"मंडळाचा नियम कडक आहे," तो वहीकडे बघतच म्हणाला. "एक नोंद खोटी निघाली की ते गाव बाद. दुर्बीण बाद, रचना बाद, सगळंच. ज्याने तक्ता पाठवला त्याने स्वतःच्या सहीने कळवलं की कुठली नोंद न बघता भरली, तरच बाकीचं धरता येतं. ते निवेदन पुस्तकाच्या शेवटी छापतात. नावासकट."

खाली गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. वासुदेवरावांच्या मनात हिशेब सरळ होता. गप्प बसलं तर त्यांचं नाव कुठेच येणार नाही, म्हणजे होतं तसंच राहील, आणि चैत्रापासून पिंपाभोवती घातलेले फेरे पाण्यात जातील. ते फेरे काही त्यांचे नव्हते.

"मी चौतीस वर्षं शिकवलंय," ते म्हणाले. "ह्या वयात पोरासोरांना माफीनामे लिहून देणार नाही."

लतिकेने लॅपटॉप मिटला. "राहू दे अनिमेष," ती म्हणाली. "भाऊजींना नाही जमायचं ते."

ती रागावली नव्हती. कारखान्यात मापाला कमी पडलेला भाग टेबलावरून उचलून बाजूच्या पेटीत टाकताना जसा आवाज लागतो तसा तिचा आवाज होता. वासुदेवरावांना तो आवाज फार ओळखीचा वाटला. पोरांशी, पुजाऱ्यांशी, वेणीमाधवशी आणि ह्याच बाईशी ते जन्मभर ह्याच आवाजात बोलत आले होते. तो दुसऱ्याच्या तोंडून आपल्या अंगावर येतो तेव्हा कसा लागतो, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

"काय जमायचं नाही?" ते ओरडले. "काय जमायचं नाही मला? कागद आण!"

कागद आला. त्यांनी लिहिलं, 'काही तांत्रिक अडचणींमुळे.' अनिमेषने वाचून मान हलवली, "असं नाही चालणार, सर." त्यांनी तो चुरगळला आणि दुसरा घेतला. 'नजरचुकीने.'

"नजर गेलीच नव्हती, भाऊजी," लतिका शांतपणे म्हणाली. "चुकेल कशी?"

तिसऱ्या कागदावर त्यांनी दोनच वाक्यं लिहिली आणि पेन इतक्या जोरात टेकवून सही केली की कागदाला भोक पडलं. अनिमेषने तो कागद घडी घालून वहीत ठेवला, वही बॅगेत ठेवली, आणि दोघांनाही वाकून नमस्कार केला. आधी लतिकेला केला, हे वासुदेवरावांच्या नजरेतून सुटलं नाही.

पुस्तक ज्येष्ठात टपालाने आलं. लतिका तेव्हा छतावर होती. तिने आता पहिल्याच्या दुप्पट मोठी काच मागवली होती आणि वेणीमाधव तिच्यासाठी नवं पिंप ठोकून देत होता. तिने ओले हात पदराला पुसून पुस्तक उघडलं, काशीचं पान काढलं, आणि कठड्याला टेकून उभ्याउभ्या वाचलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'रचना, आरसा व निरीक्षण: लतिका आठल्ये, ब्रह्मा घाट, वाराणसी.' खाली बारीक अक्षरांत, तिने कळवलं होतं तसं, वेणीमाधवचंही नाव होतं. ते तिने त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग ती पुस्तक वेताच्या खुर्चीच्या हातावर ठेवून कामाला लागली.

वासुदेवरावांनी लाल पेन घेऊन ते वाचायला सुरुवात केली. लतिकेची पानं त्यांनी आधी वाचली, नंतर बाकीच्या गावांची, आणि बाकीच्या गावांत चिकार चुका निघाल्या म्हणून त्यांना जरा बरं वाटलं. लतिकेच्या पानांत एक स्वल्पविराम जास्तीचा होता, तो त्यांनी खोडला. शेवटी शेवटचं पान आलं. इतर दोन गावांची निवेदनं लांबलचक होती, त्यांत हवामान होतं, प्रकृती होती, विजेचा लपंडाव होता. त्यांच्याखाली एकच ओळ होती. 'शर्मिष्ठेतल्या मधल्या ताऱ्याची नोंद मी न बघता केली. ती बघणाऱ्या लतिका आठल्ये यांनी मला खरं सांगितलं होतं. वासुदेव आठल्ये.'

लाल पेन हातात धरून त्यांनी ती पुन्हा वाचली, आणखी एकदा वाचली. छापून आलेली त्यांच्या आयुष्यातली ही पहिली ओळ, आणि तिच्यात खोट काढायला त्यांना कुठे जागा सापडली नाही.